एका वेळी एकच बदल

संगणकाच्या मागच्या जाळीत लोकरीचा एक धागा अडकला होता. करडा, बोटाच्या एका पेराएवढा. मशीन निवांत असलं की तो सरळ खाली लोंबायचा. प्रोसेसरवर काम पडलं की पंखा जोरात हवा बाहेर फेकायचा आणि धागा हळूहळू उचलला जायचा. पूर्ण भारावर तो जमिनीला समांतर होऊन टोकाशी किंचित थरथरायचा. पडद्यावर तापमान, वेग, व्होल्टेज असे सगळे आकडे दशांशांसकट दिसत असायचे, तरी खोलीत डोकावणारा प्रत्येक जण आधी धाग्याकडे बघायचा.

धागा आत्याच्या विणकामातला होता. तो काढायला सक्त मनाई होती, कारण चाचण्या सुरू झाल्या तेव्हा तो तिथे होता.

हे तत्त्व बाबांचं. बाबा वीज उपकेंद्राच्या कंट्रोल रूममध्ये ऑपरेटर होते आणि तिथल्या दोन सवयी त्यांनी फार पूर्वीच घरात आणून ठेवल्या होत्या. पहिली म्हणजे एका वेळी एकच बदल. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि काही बिघडलं, तर खापर कोणावर फोडायचं ते कळत नाही. दुसरी अशी की जो बदल करायचा तो ज्याची ड्यूटी असेल त्याने मोठ्याने बोलायचा, दुसऱ्याने तो जसाच्या तसा परत म्हणायचा आणि मगच हात हलवायचा. आम्ही लहान असताना आमच्या खोलीतला दिवाही असाच बंद होत असे. "दिवा बंद." "दिवा बंद." "बरोबर." मग खट्. आई परत म्हणताना दर वेळी हसायची. ती गेल्यावर घरात आम्ही तिघं उरलो, बाबा, मी आणि धाकटा भाऊ. नियम तेवढे राहिले.

धाकटा न बांधलेल्या इमारतींची चलचित्रं बनवतो. वास्तुरचनाकार नकाशे पाठवतात आणि हा त्यांत जिने, खिडक्या, खिडकीतून फरशीवर पडणारं दुपारचं ऊन असं सगळं भरतो. जी भिंत अजून उभीच राहिलेली नाही तिच्यावर सावली कशी पडेल हे काढायला संगणकाला भयंकर मेहनत पडते. म्हणून त्याने नवा प्रोसेसर घेतला, आणि तो कंपनीने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने पळवायचं मनावर घेतलं. याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. वेग वाढवायचा तर प्रोसेसरला व्होल्टेज थोडं जास्त लागतं. कमी पडलं तर मशीन मध्येच बंद पडतं आणि पडदा निळा होतो. जास्त दिलं तर ते तापतं, आणि दिसत नाही अशा रीतीने लवकर मरतं. या दोन्हींच्या मधे एक अरुंद पट्टी असते. तीत आपला आकडा शोधायचा, एवढंच काम.

प्रोसेसर ज्यावर बसतो त्या मदरबोर्डला विचारलं असतं तर त्याने स्वतःच्या मनाने १.४२ व्होल्ट दिले असते. मदरबोर्ड पाहुण्यांना वाढतात तसं वाढतो. इंटरनेटवरचे जाणकार १.३५ च्या वर जाऊ नका म्हणत होते. धाकट्याने १.३८ पासून सुरुवात केली आणि शतांशाने खाली उतरत गेला. प्रत्येक पायरीवर मशीनला पूर्ण भार द्यायचा, तासन्तास बघत बसायचं, टिकलं की आणखी एक शतांश कमी.

या कामाला एक आठवडा पुरतो. आमच्याकडे ऋतू बदलला.

कारण त्याच सुमारास दातांच्या डॉक्टरने त्याला प्रश्न विचारला होता. दातांची डॉक्टर म्हणजे त्याची मैत्रीण. दोघांचं बरीच वर्षं जमलेलं, आम्हा सगळ्यांना माहीत असलेलं. डोंगरावरच्या एका गावात तिच्या सरांचा दवाखाना होता. सर थकले आणि त्यांनी तो तिच्या हवाली करायचं ठरवलं. ती महिनाअखेरच्या रविवारी निघणार होती. आमच्याच जेवणाच्या टेबलाशी बसून, सगळ्यांदेखत, ती धाकट्याला म्हणाली, "येणार असलास तर रविवारी माझ्याबरोबर ये. नसलास येणार, तर तसं तोंडाने सांग. मी रडेन, पण माझी मी जाईन. नुसतं लटकत ठेवू नकोस."

"सांगतो," धाकटा म्हणाला. "आधी व्होल्टेज ठरू दे."

"त्याचा काय संबंध?"

"एका वेळी एकच बदल," धाकटा म्हणाला आणि बाबांकडे बघितलं. बाबांनी मान डोलावली. तत्त्व म्हणून ते बरोबरच होतं.

*

बाबांनी सुरुवातीला या सगळ्याची टर उडवली होती.

"एक पॉइंट तीन व्होल्ट? अरे, दोन लाख वीस हजारांखाली आम्ही मान वर करून बघत नव्हतो. एवढ्याने मुंगीलासुद्धा गुदगुल्या होणार नाहीत."

मी एका प्रयोगशाळेत काम करते. केसाहून कितीतरी बारीक अशा धातूच्या तारांमधून त्या तुटेपर्यंत वीज सोडायची आणि त्या किती टिकल्या ते मोजायचं, हे माझं काम. म्हणून मी एवढंच म्हणाले, "बाबा, करंट विचारा ना."

"किती?"

"दोनशे वॅट आहेत. भागा एक पॉइंट तीनने."

बाबांचे ओठ हलले. मग ते खुर्चीतून उठून उभे राहिले. "दीडशे अँपिअर? या बिस्किटातून?"

त्या दिवसापासून ते त्या खोलीत चपला काढून जाऊ लागले. दुसऱ्या दिवशी माळ्यावरून कवटी आणि दोन हाडं काढलेली लाल पत्र्याची पाटी खाली आली आणि संगणकाच्या कपाळावर लटकली. रबरी हातमोजेही आले. मांजर शेजाऱ्यांचं होतं, पण त्यालाही पाटी दाखवून समज देण्यात आली.

आत्या आली होती ती चष्म्याचा नंबर तपासून घ्यायला. बाबांची ही धाकटी बहीण एकटी राहते, मोठ्याने बोलते, आणि जिथे उजेड चांगला तिथे बसून विणते. उजेड धाकट्याच्या खोलीतल्या कोपऱ्यात होता. ती तिथे खुर्ची टाकून बसली असताना पहिली चाचणी झाली. त्या संध्याकाळी जेवताना मी सहज बोलून गेले की नुसता बसलेला माणूसही साधारण शंभर वॅट उष्णता बाहेर टाकत असतो.

धाकट्याने चमचा खाली ठेवला.

"म्हणजे आजचं तापमान आत्या धरून आहे."

"हो."

"आणि ती उठून गेली तर?"

"खोलीत शंभर वॅट कमी होतील."

"अरे, मी उद्या सकाळी जाणार आहे," आत्या म्हणाली. "चष्मा झाला माझा."

"आत्या, प्लीज. फक्त व्होल्टेज ठरेपर्यंत."

"दादा, ऐकतोयस ना? तुझा मुलगा मला शेगडी म्हणतोय."

"शेगडी कशाला म्हणेल?" बाबा म्हणाले. "भार म्हणतोय. स्थिर भार. आमच्यात फार मानाचा शब्द आहे तो."

"तुमच्यात काय काय मानाचं असतं ते मला वहिनीने सांगितलंय," आत्या म्हणाली. पण राहिली. तिला कोणी इतक्या आग्रहाने पूर्वी थांबवलं नव्हतं, हे माझ्या लक्षात आलं. तिच्याही आलं असावं.

मग घर गोठत गेलं. पडदे धुवायचे राहिले, कारण धुतलेल्या पडद्यांतून हवा वेगळी खेळते. स्वयंपाकघरातला नळ टपटपत होता तो तसाच टपटपू दिला; खोलीतल्या दमटपणात त्याचाही वाटा असणार. धाकट्याने केस कापले नाहीत. मला नवी चप्पल घ्यायची होती. त्याचा तापमानाशी संबंध नाही असं मी म्हटलं, तर तो म्हणाला, "ताई, संबंध नाही हे आपल्याला अजून माहीत नाही." मी प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांना हेच सांगते, म्हणून जुनीच चप्पल घालत राहिले. कॅलेंडरचं पानही उलटलं गेलं नाही. भिंतीवर मागचाच महिना राहिला, आणि त्या महिन्यात शेवटचा रविवार होऊन गेलेला होता. धाकट्याला त्याकडे बघून बरं वाटत असे.

आत्याचा स्वेटर पूर्ण झाला, पण विणणं थांबवायची सोय नव्हती. हात हलतात त्याचे दोन-चार वॅट तरी असतीलच. म्हणून तिने डावी बाही पुढे चालू ठेवली. बाही मनगटापलीकडे गेली, कोपऱ्यातल्या टोपलीत उतरली, टोपलीला वेढा घालून खाटेखाली शिरली.

"हा कोणासाठी आहे?" मी विचारलं.

"ज्याचा एक हात लांब असेल त्याच्यासाठी," आत्या म्हणाली. "तुझ्या भावाचा नाही. त्याचा कुठेच पोचत नाही."

*

दातांची डॉक्टर दवाखाना आटोपून संध्याकाळी यायची. पण पहिल्या चाचणीच्या वेळी ती खोलीत नव्हती. धाकट्याने उंबऱ्याशी जमिनीवर पांढरी चिकटपट्टी लावली होती. तिने पट्टीच्या अलीकडे बसायचं आणि त्याने पलीकडे. बोलायचं असेल ते दारातून.

"आज कितीवर आलं?"

"एक पॉइंट दोन आठ. टिकलंय."

"मग झालं तर."

"एक पॉइंट दोन सात बघतो. उगीच जास्त कशाला द्यायचं?"

"मी दात रोज थोडा थोडा उपटत नाही," ती म्हणाली.

आतून आत्या खुदकन हसली. धाकट्याने घाईघाईने तापमान बघितलं.

एक पॉइंट दोन सात टिकलं. दोन सहावर त्याने मशीन नेलं, तेही टिकलंसं वाटलं, आणि तेव्हाच आत्याला घरून फोन आला. तिच्या शेजारीण बाई झाडांना पाणी घालून कंटाळल्या होत्या. आत्या म्हणाली, आता मात्र मी जाणार.

धाकट्याच्या तोंडचं पाणी पळालं. मग बाबांनीच तोडगा काढला. उपकेंद्रात एक भार काढायचा असेल तर तेवढाच दुसरा तयार ठेवतात. त्यांनी जुना, तारेचा शंभर वॅटचा बल्ब शोधून आणला, स्टुलावर बसवला, आणि स्टूल आत्याच्या खुर्चीशेजारी ठेवलं. आत्या उठेल त्याच क्षणी बल्ब लागायचा. ड्यूटी बाबांची होती.

"माझ्या जागी हा?" आत्याने बल्बकडे वरपासून खालपर्यंत बघितलं.

"तात्पुरता," बाबा म्हणाले. "तयार? आत्या उठणार, बल्ब लागणार."

"आत्या उठणार, बल्ब लागणार," धाकटा म्हणाला.

"बरोबर. उठ!"

आत्या उठली. बल्ब लागला. आम्ही धाग्याकडे बघितलं. धागा समांतर होता. आत्या पिशवी उचलून चिकटपट्टी ओलांडणार इतक्यात धागा एकदम खाली पडला आणि पडदा निळा झाला.

आत्याने पिशवी खाली ठेवली, बल्ब बंद केला, खुर्चीत बसली आणि सुया हातात घेतल्या. तिचा चेहरा इतका उजळलेला मी कधी पाहिला नव्हता.

"बल्बला काय जमणारे," ती म्हणाली.

मी समजावून सांगितलं की एक पॉइंट दोन सहा मुळातच काठावर होतं. ते आज ना उद्या पडणारच होतं, आत्या उठायला आणि ते पडायला एकच गाठ पडली. धाकटा म्हणाला, "सिद्ध कर." योगायोग होता की नाही हे काढता येतं, पण त्यासाठी आत्याला शंभर वेळा उठवून बसवावं लागलं असतं. आत्या त्याला तयार नव्हती. घरी तिने फोन करून शेजारणीला सांगितलं, "मला इथून हलता येत नाही गं, माझ्यावर मशीन चालतं."

धाकटा परत एक पॉइंट दोन सातवर गेला. आणि तिथे मशीन असं बसलं की हललं नाही. दिवसामागून दिवस पूर्ण भार, ब्याऐंशी अंश, धागा आडवा. मी माझ्या तारांकडे बघते तसं त्या आकड्यांकडे बघत होते. शोध संपलेला होता. हे मला दिसत होतं, बाबांना दिसत होतं, आणि धाकट्यालाही दिसत असणार, कारण तो आता पडद्याकडे बघायचं टाळू लागला होता.

मी एकदा प्रयोगशाळेतला मीटर घरी आणला. वाटलं, एकदा पक्का आकडा हातात आला की त्याला बोलावंच लागेल. पडद्यावर १.२७ होतं. मीटरने १.२५ दाखवलं.

"बघितलंस?" बाबा म्हणाले. "पडद्यावर दिसतं ते व्होल्टेज नसतं. ते त्या मशीनचं स्वतःबद्दलचं मत असतं."

धाकट्याला हर्षवायू व्हायचा बाकी राहिला. "म्हणजे आतापर्यंतचं सगळं दोन शतांशांनी चुकलंय! पुन्हा बघावं लागेल!"

"अरे, मशीन तेच आहे," मी म्हणाले. "टिकलं ते टिकलं. नाव वेगळं आहे फक्त."

"असं कसं, ताई? कोणत्या आकड्यावर टिकलं हे माहीत नको?"

मी मीटर पेटीत ठेवला. माझी मदत ही अशी असते.

त्याच संध्याकाळी, दातांची डॉक्टर पट्टीच्या अलीकडे मांडी घालून बसलेली असताना, धाकट्याने मला विचारलं, "ताई, तू एकदा शास्त्रीय पद्धतीने सांग. एक पॉइंट दोन सात सुरक्षित आहे ना?"

"किती वर्षांसाठी?"

"म्हणजे काय? सुरक्षित म्हणजे सुरक्षित."

"तसं नसतं," मी म्हणाले. "वीज म्हणजे इलेक्ट्रॉनांचा लोंढा. तो जाता जाता तारेतले अणू थोडे थोडे पुढे ढकलतो. एका टोकाला ढीग होतो, दुसऱ्या टोकाला खड्डा. खड्डा पुरेसा मोठा झाला की तार तुटते. व्होल्टेज वाढवलं, उष्णता वाढवली, की हे लवकर होतं. कमी केलं की उशिरा. होतं मात्र. म्हणून विचारतेय, किती वर्षं हवीत?"

"कायमची."

"कायमची हवी असतील तर शून्य व्होल्ट."

"मग त्याचा उपयोग काय?"

"काही नाही. पेटीत राहील."

दातांच्या डॉक्टरने माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "आमच्याकडेही लोक विचारतात, फिलिंग कायमचं बसेल ना म्हणून," ती म्हणाली.

"तू काय सांगतेस?"

"मी सांगते, आ करा."

ती उठली आणि गेली. आत्या बराच वेळ सुया न हलवता बसली होती. दोन-चार वॅट कमी झाले, पण धाकट्याने तिला टोकलं नाही.

बाबा बाहेर व्हरांड्यात उभे होते. एका शब्दावर अख्ख्या शहराची लाइन बंद करणारा हा माणूस या सगळ्या दिवसांत मुलाला एकदाही "आता आटप" म्हणाला नव्हता. उलट "घाई कशाला, बघ अजून" असंच म्हणत आला होता. मी त्यांना तसं म्हटलं.

"चाचणी पूर्ण व्हायला हवी," ते म्हणाले.

"पूर्ण झालीय, बाबा."

"हं," बाबा म्हणाले. मग, "तिकडे गेल्यावर त्याची आज्ञा परत कोण म्हणणार?"

"ती म्हणेल."

"आणि माझी?"

"मी आहे ना."

"तू फार हळू बोलतेस," बाबा म्हणाले. पण आत जाऊन त्यांनी संगणकावरची कवटीची पाटी काढली आणि सदऱ्याच्या बाहीने पुसून पुन्हा लावली.

*

शनिवारी दुपारी दातांची डॉक्टर आली तेव्हा तिच्या अंगात जाड कोट होता. ती आदल्या दिवशी डोंगरावर जाऊन, सामान उतरवून आत्ताच परतली होती. धाकटा मशीनसमोर, आत्या कोपऱ्यात, बाबा दाराच्या चौकटीला टेकून, मी पुस्तकांच्या कपाटाशी. भार पूर्ण होता. बाही खाटेखालून फिरून पुन्हा आत्याच्या पायाशी आली होती.

"मी तिकडची खोली मोजून आलेय," ती पट्टीच्या अलीकडून म्हणाली. "उत्तरेची. तिथे टेबल बसतं. भर दुपारी एकोणीस अंश. इथे किती आहे?"

"सव्वीस," धाकटा म्हणाला. त्याचा चेहरा क्षणभर असा झाला, जसं कोणी त्याच्यावर जीव ओवाळून टाकला आहे. "एकोणीस? भर दुपारी?"

"खिडकी बंद ठेवून."

"म्हणजे सात अंश..." आणि मग त्याचा चेहरा पडला. "म्हणजे हे सगळं रद्द. पुन्हा पहिल्यापासून बघायचं."

"हो. सगळं पहिल्यापासून."

"आणि आत्याशिवाय."

"मला धरूच नकोस," आत्या म्हणाली. "मला थंडी सोसत नाही."

"उद्या सकाळी गाडी येतेय," दातांची डॉक्टर म्हणाली. "ड्रायव्हरने विचारलंय, एक जागा की दोन. मी त्याला सांगितलं, संध्याकाळी सांगते."

"चाचणी चालू आहे," धाकटा म्हणाला. आवाज इतका बारीक होता की पंख्यात बुडाला. "मध्ये काही बदल..."

ती चिकटपट्टी ओलांडून आत आली.

बाबा ताठ झाले. धाकटा अर्धवट उठला. ती शांतपणे पुढे गेली, तिने बल्बचं आता रिकामं असलेलं स्टूल ओढलं, आणि धाकट्याच्या शेजारी बसली. कोट काढला नाही. पाच माणसं एका खोलीत आणि सगळ्यांची नजर एका लोकरीच्या धाग्यावर. पडद्यावर ब्याऐंशीचं त्र्याऐंशी झालं. धागा थरथरत राहिला.

"शंभर वॅट," धाकटा कुजबुजला. "शंभर वाढले."

"अगं," आत्या मला म्हणाली, "ही माणूस आहे ना?"

"आहे."

"बल्ब नाही?"

"नाही."

"मग मी उठले तर शंभर गेले आणि शंभर आले. बरोबर?"

मी विचार केला. कोट होता, उंचीत फरक होता. "साधारण बरोबर," मी म्हणाले.

"दादा, मी उठणार."

"आत्या उठणार," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज कंट्रोल रूमचा होता.

आत्याने सुया स्वेटरमध्ये खुपसल्या, बाही हातावर गुंडाळली आणि उठली. तिने चिकटपट्टी ओलांडली. पलीकडे जाऊन ती वळली आणि मशीन पडतंय का ते बघत उभी राहिली. मला वाटतं, तिला ते पडायला हवं होतं. पण ते पडलं नाही. त्र्याऐंशीचं ब्याऐंशी झालं आणि धागा आडवाच्या आडवा.

"जमलं हिला," आत्या म्हणाली. नाक पुसून ती पुढे म्हणाली, "जमायलाच हवं. मी काय जन्मभर बसणार होते?"

मग चाचणी आपोआप संपली. पडद्यावर हिरवी खूण आली, पंखा मंदावला, धागा हळूहळू खाली आला आणि लोंबकळू लागला. स्वयंपाकघरातला नळ ऐकू येऊ लागला. धाकटा हिरव्या खुणेकडे बघत होता. पुन्हा भार द्यायचं बटण त्याच्या बोटाखालीच होतं. मी ते बोट बघत होते. दातांची डॉक्टरही तेच बघत होती.

"ड्यूटी कोणाची आहे?" बाबांनी विचारलं.

"माझी," धाकटा म्हणाला.

"मग बोल."

धाकट्याने बटणावरून बोट उचललं. तो एका दमात सुरू झाला, "एक पॉइंट दोन सात कायम करतो आणि उद्या मी हिच्या—"

"थांब!" बाबांनी हात वर केला. "एका वेळी एक."

"बाबा!" मी म्हणाले.

"नियम आहे. दोन एकदम सांगितलेस तर समोरच्याने काय परत म्हणायचं? एक सांग. ते झालं की दुसरं. आधी कोणतं?"

धाकट्याने पडद्याकडे बघितलं. तिथे १.२७ होतं, किंवा मीटरच्या मते १.२५, कायम करायला एक कळ दाबायची होती, नाही दाबली तर मशीन पुन्हा सुरू होताना तो आकडा विसरून मदरबोर्डच्या मनाप्रमाणे १.४२ वर जाणार होतं. त्याचा हात कळफलकापर्यंत गेला. आत्याने पट्टीपलीकडून मान पुढे केली. मग त्याने हात मागे घेतला, गुडघ्यावर ठेवला, आणि खुर्ची वळवून स्टुलाकडे तोंड केलं.

"मोठ्याने," बाबा म्हणाले. "तिला परत म्हणायचंय."

धाकटा उभा राहिला.

"उद्या सकाळी मी तुझ्याबरोबर येतोय."